देव ‘बघतो’ म्हणजे नेमकं काय करतो? नगरचा दुष्काळ, ह्यूमसाहेब आणि वाडवडिलांचा प्रश्न

मिशनचे जुने अहवाल वाचायला घेतले की एक शब्द सारखा आडवा येतो: ‘प्रॉव्हिडन्स’. जहाज सुखरूप पोचलं, प्रॉव्हिडन्स. साथीतून मूल वाचलं, प्रॉव्हिडन्स. मूल वाचलं नाही, तरीही प्रॉव्हिडन्सच. मी नगर जिल्ह्यातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासावर पीएच.डी. करते आहे, त्यामुळे हा शब्द टाळून पुढे जाता येत नाही. आजच्या लेखात हा शब्द म्हणजे काय आणि नगरच्या मातीत आल्यावर त्याची कशी परीक्षा झाली, ते सांगायचा प्रयत्न करते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. जुन्या कागदांत अहमदनगर आहे, आणि बोलताना आपण सगळे ‘नगर’च म्हणतो. मीही तेच वापरते.)

आधी शब्द

प्रॉव्हिडन्सला मराठीत काय म्हणायचं? ‘दैव’ म्हटलं तर चुकतं, कारण दैवाला चेहरा नसतो. ‘नशीब’ तर त्याहून आंधळं. ‘ईश्वरी योजना’, ‘दैवी तरतूद’ हे शब्द ठीक आहेत, पण सरकारी वाटतात. मूळ लॅटिन शब्दात ‘आधीच पाहणे’ असा अर्थ आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात अब्राहाम एका डोंगराला ‘यहोवा यिरे’ असं नाव देतो. आपल्याकडे अनेक ख्रिस्ती घरांच्या दारावर हे शब्द लिहिलेले दिसतात. त्याचा अर्थ ‘परमेश्वर पुरवील’ असा सांगतात, पण त्यातला हिब्रू धातू आहे ‘पाहणे’.

आता गंमत बघा. मराठीत हा दुहेरी अर्थ आपोआप आहे. ‘म्हाताऱ्या आईचं कोण बघतं?’ असं आपण विचारतो, तेव्हा प्रश्न डोळ्यांचा नसतो, सांभाळण्याचा असतो. आणि ‘देव बघून घेईल’ म्हणतो, तेव्हा त्यात आधारही असतो आणि धमकीही. प्रॉव्हिडन्सचं सगळं दुखणं या एका ‘बघण्या’त आलं. देव जग सांभाळतो, असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग हे जे वाईट झालं, ते त्याने बघितलं नाही का? की बघूनच केलं?

सिद्धांत थोडक्यात

ख्रिस्ती धर्मशास्त्रात या विचाराचे साधारण तीन भाग करतात. एक, देव निर्माण केलेलं जग टिकवून धरतो. दोन, जगातल्या प्रत्येक घडामोडीत तो आतून सहभागी असतो. तीन, तो सगळ्याला एका हेतूकडे नेतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने यावर फार जोर दिला. १६४७च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत तो मुलांना पाठ करता येईल इतक्या छोट्या उत्तरात आला. नगरला आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले. त्यांच्याकडे लहान मुलं ही प्रश्नोत्तरी घोकूनच मोठी होत.

दोन गोष्टी इथे स्पष्ट करायला हव्यात. पहिली, प्रॉव्हिडन्स म्हणजे ‘पूर्वनिवड’ नव्हे. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलं आहे का, हा वेगळा वाद आहे, जरी दोन्ही शेजारी राहतात. दुसरी, या परंपरेतही ‘सगळं देव करतो’ असं सरळ म्हटलेलं नाही. त्यांनी ‘दुय्यम कारणे’ मानली. पाऊस ढगांमुळे पडतो, भाकरी बाईच्या हाताने होते, खून खुनी करतो. देव या कारणांच्या मागे असतो, पण ती कारणं खोटी ठरत नाहीत आणि माणसाची जबाबदारीही संपत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, दुष्काळाकडे आलो की लागेल.

उघडलेली दारं आणि एक कबर

सुरुवातीच्या मिशनऱ्यांचा या सिद्धांताचा वापर बराचसा ‘उघडलेल्या दारां’चा होता. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांना ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानात राहू द्यायला तयार नव्हती. कलकत्त्याहून हद्दपारीचा धोका टाळत ते १८१३मध्ये मुंबईला आले. तिथे गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना राहू दिलं आणि त्याच वर्षी कंपनीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. हॉलसारख्या माणसाला यात देवाचा हात दिसला तर नवल नाही.

पण हाच हॉल १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने गेला. वय ४१. उघडलेलं दार जर देवाचं काम, तर ही कबर कुणाचं? मिशनच्या लोकांनी उत्तर दिलं की तीही देवाच्याच योजनेत आहे, फक्त तिचा अर्थ आपल्याला कळत नाही. स्वतःच्या माणसाच्या मृत्यूबद्दल असं म्हणायला मोठी श्रद्धा लागते, हे मान्य. दुसऱ्याच्या मृत्यूबद्दल असं म्हणणं मात्र फारच सोपं असतं. १८३१च्या शेवटी मिशनने नगरला ठाणं उघडलं. पुढे साडेचार दशकांनी हा फरक तिथे उघड्यावर आला.

१८७६: देवाने पाठवलेला दुष्काळ?

१८७६चा पावसाळा दख्खनमध्ये फसला. १८७६ ते १८७८ या दुष्काळात हिंदुस्थानात ५० लाखांहून अधिक माणसं मेली. नगर जिल्हा आधीच पिचलेला होता. वर्षभरापूर्वी, १८७५मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण ते शिकतो. कर्ज, रोख शेतसारा, पडलेले भाव, हे सगळं पाऊस फसण्याच्या आधीपासून होतं. दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की मोठ्या माणसाच्या वाट्याला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर एवढंच येई. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे लिहून लिहून तक्रारी केल्या. त्याच काळात या देशातून गहू बाहेर जात होता.

अशा वेळी ‘हे देवाचं करणं’ म्हणणं कुणाच्या सोयीचं होतं? याचं ठळक उदाहरण आयर्लंडचं आहे. तिथल्या बटाट्याच्या दुष्काळात मदतीचा कारभार बघणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी १८४८मध्ये त्या संकटाला प्रॉव्हिडन्सचा हात म्हटलं होतं, आणि सरकारने फार मदत करू नये, असंही त्यांचं मत होतं. पुढे हेच गृहस्थ मद्रासचे गव्हर्नर झाले. म्हणजे सिद्धांताचा पहिला गैरवापर असा: दुय्यम कारणं पुसायची. सावकार, सारा, बाजार, मजुरीचा दर, सगळं आकाशाकडे ढकलायचं. मघाशी सांगितलेला मुद्दा इथे लागतो. कॅल्व्हिनच्या परंपरेतही हे चालणारं नव्हतं. देव कारणांच्या मागे आहे, म्हणून अधिकाऱ्याचा हिशेब माफ होत नाही.

दुसरा वापर मिशनचा. दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य वाटलं, कामं काढली, अनाथ मुलं घेतली. त्यानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांतले बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. गावात बाकीचे लोक म्हणाले, ‘पोटासाठी बाटले.’ मिशनमधल्या अनेकांना वाटलं, देवाने दुष्काळातून दार उघडलं.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात, आणि कारण दोन्हींचं एकच आहे: त्यांत बाप्तिस्मा घेणारा माणूस विचार करतच नाही. एका वाक्यात तो फक्त पोट आहे, दुसऱ्यात फक्त दारातून आत येणारी संख्या. शिवाय दुष्काळ हे दार म्हटलं, तर जे त्या दारात मेले त्यांचं काय? येशूने स्वतः असा हिशेब नाकारल्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं तो सांगतो. मेलेल्यांवरून अर्थ काढायची घाई नको, हे त्या गोष्टीत सरळ आहे.

जन्माचा प्रश्न

मग त्या माणसाने काय विचार केला असेल? सगळं सांगता येणार नाही, पण सिद्धांताच्या बाजूने बघितलं तर एक गोष्ट लख्ख दिसते.

गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला पिढ्यान् पिढ्या एक उत्तर दिलं गेलं होतं: हा जन्म तुझ्या मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ. म्हणजे अन्यायही तुझाच आणि शिक्षाही तुझीच. प्रॉव्हिडन्सच्या शिकवणीत हे गणित कोसळतं. तू या घरात जन्मलास, ते तुझ्या पापामुळे नव्हे. चिमणीसुद्धा ज्याच्या नजरेबाहेर जमिनीवर पडत नाही, त्याच्या नजरेत तू आहेस. आजच्या वाचकाला हे नेहमीचं प्रवचन वाटेल. पण ज्याची सावलीही लोक टाळत, त्याला ‘तुला कुणीतरी बघतंय’ हे सांगणं साधं नव्हतं.

पण इथेच सिद्धांत स्वतःच्या पायात अडकतो. जन्म कुठे व्हावा, कोणत्या घरात, कोणत्या शतकात, हे जर देवाच्या हातात असेल, तर नेवाशाच्या किंवा शेवगावच्या एखाद्या वाडीत १७५०मध्ये जन्मलेल्या माणसाचं काय? त्याच्या कानावर ख्रिस्ताचं नाव जाणं शक्यच नव्हतं. त्या काळच्या कडक शिकवणीप्रमाणे ख्रिस्तावर विश्वास न ठेवता मेला तो नाशात गेला. म्हणजे चुकीच्या जातीत जन्मल्याची शिक्षा काढून टाकली आणि चुकीच्या शतकात जन्मल्याची शिक्षा लावली? वरून ते शतक देवानेच निवडलेलं!

पितरांना घास ठेवणाऱ्या समाजात हा कोरडा तर्क नव्हता. ‘मी तरलो, पण माझा बाप?’ असा तो प्रश्न होता. आणि तो फक्त आपल्याकडचा नाही. गोव्यातून पुढे जपानला गेलेल्या फ्रान्सिस झेवियरला तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी हेच विचारलं होतं. आपल्या पूर्वजांसाठी काहीच उपाय नाही हे ऐकून ती माणसं रडत, असं त्याने १५५२मधल्या पत्रात लिहिलं आहे. झेवियरलाही त्याचं वाईट वाटलं, पण उत्तर त्याने बदललं नाही.

ह्यूमसाहेब अडचणीत येतात

नगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी मात्र उत्तर बदलायची तयारी दाखवली. ह्यूम १८४७मध्ये मुंबईतच जन्मलेले, मिशनऱ्याचे चिरंजीव. येल आणि अँडोव्हर इथे शिकून १८७४मध्ये ते नगरला आले, म्हणजे दोनच वर्षांत दुष्काळ. १८७८मध्ये त्यांनी नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय सुरू केलं. नगरमधलं ह्यूम मेमोरियल चर्च अनेकांच्या पाहण्यात असेल. नाव त्यांचंच.

१८८०च्या दशकात अमेरिकेत अँडोव्हरच्या काही प्राध्यापकांनी एक विचार मांडला. ज्यांना आयुष्यात ख्रिस्ताबद्दल ऐकायची संधीच मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर ती मिळत असेल. हे ते ठाम मत म्हणून नव्हे, गृहीतक म्हणून मांडत. देव न्यायी असेल आणि सगळ्यांचं बघत असेल, तर असं काहीतरी असलं पाहिजे, असा त्यामागचा तर्क. प्राध्यापकांवर खटल्यासारखी चौकशी झाली. १८८६मध्ये सुटीवर अमेरिकेत असलेल्या ह्यूम यांनी अँडोव्हरमध्येच या विचाराच्या बाजूने जाहीर भाषण केलं.

झालं! मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना नगरला परत पाठवायचं थांबवलं. विरोधकांचं म्हणणं असं होतं की मेल्यावर संधी आहे म्हटलं तर मिशनची नसच कापली जाते. मग समुद्र ओलांडून कोण जाईल? पैसे कोण देईल? बोर्डाचे सचिव आल्डन या बाजूचे खंदे होते. वाद वार्षिक सभेत गेला, धार्मिक वर्तमानपत्रांत रंगला. शेवटी १८८७मध्ये ह्यूम यांना परत यायची परवानगी मिळाली.

हा वाद अमेरिकन धर्मशास्त्राच्या पुस्तकांत ‘अँडोव्हरचा वाद’ म्हणून असतो, आणि तिथे ह्यूम एका परिच्छेदात येऊन जातात. माझं म्हणणं असं की तो परिच्छेद नगरहून वाचला पाहिजे. नुकतीच हजारो माणसं न ऐकताच मेलेली ज्या जिल्ह्याने पाहिली, तिथे बारा वर्षं काढलेल्या माणसाला ‘न ऐकलेल्यांचं काय?’ हा प्रश्न परीक्षेतला वाटला नसणार. दुष्काळ आणि ते भाषण यांचा थेट संबंध मी कागदावर दाखवत नाही, हा माझा अर्थ आहे. पण बोस्टनमधल्या सभागृहात जो प्रश्न तत्त्वाचा होता, तो नगरला नातेवाइकांचा होता, एवढं नक्की.

आणि नस कापली गेली का? १८९९-१९००च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मदत वाटण्याच्या कामात ह्यूम आघाडीवर होते. त्यासाठी त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळालं. ज्याच्या मते मेल्यावरही संधी असू शकते, तो जिवंतांना मरू देण्याबाबत निष्काळजी झाला नाही. विरोधकांच्या मुद्द्याला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

दुसरं उत्तर: देव आधीपासून बघत होता

याच शहरात आणखी एक उत्तर तयार होत होतं. नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरच्या त्याच धर्मविद्यालयात शिकवलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. हे वाक्य अनेकदा नुसतं सुंदर म्हणून सांगितलं जातं. पण ते प्रॉव्हिडन्सबद्दलचं विधान आहे. पूल आधी बांधलेला असावा लागतो. मिशनचं जहाज येण्याच्या दोनशे वर्षं आधी देहूत देव काहीतरी करत होता, असं त्यात मानलेलं आहे. आणि तुकाराम म्हणजे तरी कोण? ज्याची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, तो माणूस. ‘देव बघतो का?’ हा प्रश्न त्यालाही उपाशीपोटीच पडला होता.

म्हणजे अँडोव्हरचं उत्तर होतं, देव मृत्यूनंतर संधी देईल. टिळकांच्या पुलातून निघणारं उत्तर होतं, देवाने इथे आधीच काही दिलेलं आहे. ह्यूम स्वतःही हळूहळू याच दिशेला आले. १९०५च्या त्यांच्या पुस्तकात मिशनरी येण्यापूर्वीही देव हिंदुस्थानात काम करतच होता, हा विचार आहे. दोन्ही उत्तरांनी एक गोष्ट साधली: वाडवडिलांना देवाच्या नजरेच्या आत आणलं.

मग इतिहासकाराने काय करायचं?

देव जग चालवतो की नाही, हे कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही आणि खोडताही येत नाही. माझं काम वेगळं आहे. एखाद्या अहवालात ‘प्रॉव्हिडन्स’ दिसला की मी आता तीन प्रश्न विचारते. कोण कुणाच्या दुःखाबद्दल हे म्हणतंय: स्वतःच्या की दुसऱ्याच्या? हा शब्द वापरल्यामुळे कोणतं दुय्यम कारण झाकलं जातंय: मजुरीचा दर, सारा, धान्याचा भाव? आणि या वाक्यात कोण बाहेर राहिलं?

या तिसऱ्या प्रश्नाने नगरमध्ये सिद्धांत हलवला. मोठ्या धर्मकल्पना युरोप-अमेरिकेत तयार होतात आणि आपल्याकडे फक्त आयात होतात, असं आपण सहज धरून चालतो. पण इथे उलटं दिसतं. ‘देव सगळ्यांचं बघतो’ हे वाक्य इथल्या लोकांनी खरं मानलं, आणि मग ‘सगळ्यांचं’ म्हणजे आमच्या मेलेल्यांचंही ना, असं विचारलं. प्रश्न इतका साधा होता की टाळता येईना. बोर्डाला सभा भरवाव्या लागल्या, आणि एका मिशनऱ्याची नोकरी वर्षभर टांगणीला लागली.

पुढच्या लेखात नगरच्या मंडळ्यांमधली अंत्यविधीची पद्धत कशी बदलत गेली, त्याबद्दल लिहीन. तुमच्या घरी जुनी बाप्तिस्मा-पत्रं, कौटुंबिक बायबलमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा आजी-आजोबांनी सांगितलेल्या दुष्काळाच्या आठवणी असतील, तर जरूर कळवा. ‘वाडवडिलांचं काय?’ याची उत्तरं मिशनच्या अहवालांपेक्षा अशा पानांत जास्त सापडतात, असा माझा अंदाज आहे.